व्हाळातला हा मासा कोणता? डोक्यावर पांढरा ठिपका आहे आणि गावात सगळे गप्पी म्हणतायत

काजूबोंडू

नमस्कार मंडळी. कुडाळच्या अलीकडे आमचं गाव, गावातून एक बारका व्हाळ जातो. पावसात धो धो आणि आत्ता जानेवारीत घोट्याएवढं पाणी. डिसेंबरात सगळ्यांनी श्रमदान करून सिमेंटच्या गोणीत माती भरून वनराई बंधारा घातला, त्यामुळे वरच्या अंगाला शंभर-दीडशे फूट पाणी तुंबलंय, मांडीएवढं, जवळजवळ न वाहणारं. तळाला वाळू आणि आंब्या-फणसाचा पाला, कडेला गवत पाण्यात लोळलेलं.

या पाण्यात एक मासा आहे, साधारण दोन-अडीच इंच, अगदी पृष्ठभागाला चिकटून असतो. मधे पोहताना मी एकदाही बघितला नाही. एका जागी गप्प उभा राहतो आणि आपली सावली पडली की सुर्रकन गवतात. वरून बघितलं की डोक्यावर एक चकचकीत पांढरा ठिपका दिसतो, बाकी मासा दिसला नाही तरी तो ठिपका दिसतो, पोरं त्याला टिकलीवाला म्हणतात. फोटो टाकलाय पण हललाय, मोबाईल एका हातात आणि दुसऱ्या हाताने फांदी धरलेली त्यामुळे सांभाळून घ्या.

विचारायचं कारण म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आहे की बंधाऱ्यात पाणी साठलंय तर डास होतील, म्हणून गप्पी मासे सोडायचे. एक जण म्हणाला अहो सोडायचे काय, आहेत की आधीच, हेच ते गप्पी. दुसरा म्हणतो हा गॅम्बुशिया, मागे कधीतरी सरकारी लोकांनी विहिरीत सोडलेला तो पुरात व्हाळात आला. माझे वडील म्हणतात ते लहान होते तेव्हापासून हा मासा इथेच आहे, तेव्हा कोण येत होतं गप्पी घेऊन. दांडवण मला ओळखता येते, खवली पण, मळ्या दगडाखाली असतो तो पण माहितीये. हा मात्र कोण ते कळत नाहीये. जाणकारांनी सांगा.

टाकीवाला_पुणे

गप्पीची मादी आहे भाऊ. माद्यांना रंग नसतो, नर रंगीत असतात शेपटीवाले. माझ्या टाकीत ढीगभर आहेत. वर वर फिरतात, तोंड वरच्या बाजूला, सेम. व्हाळात चार पिढ्या गेल्या की नरांचे पण रंग फिके पडतात.

पाणकावळा

टाकीवाले, तुमच्या ढीगभर माद्यांपैकी एकीच्या तरी डोक्यावर ठिपका आहे का?

काजूबोंडू, फोटो हललेला असला तरी ठिपका आणि पाठीवरच्या पराची जागा दिसतेय, तेवढं पुरे आहे. हा पॅनचॅक्स. किलीफिशच्या जातकुळीतला आपला इथलाच मासा, आणि तुमच्या भागात असणार तो बहुतेक पट्टेवाला पॅनचॅक्स, शास्त्रीय नाव अॅप्लोकायलस लिनिएटस. १८४६ साली व्हॅलेन्सिएन या फ्रेंच माणसाने त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं, म्हणजे गप्पी-गॅम्बुशिया भारतात यायच्या कितीतरी आधी. तुमचे वडील बरोबर सांगतायत.

आता नीट कसा ओळखायचा ते सांगतो, कारण गप्पी, गॅम्बुशिया आणि पॅनचॅक्स तिघंही पृष्ठभागावर राहतात, तिघांची तोंडं वरच्या बाजूला उघडतात आणि तिघंही डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे सवयींवरून गेलं की घोटाळा होणारच. शरीर बघायला लागतं.

ठिपका ही सगळ्यात सोपी खूण. तो नुसता रंग नाहीये, उजेड परत फेकतो म्हणून वरून बघताना एवढा चमकतो. गप्पीला नाही, गॅम्बुशियाला नाही. दुसरं म्हणजे डोकं. पॅनचॅक्सचं डोकं आणि पाठीचा पुढचा भाग इस्त्री फिरवल्यासारखा सपाट असतो, बाजूने बघितलं तर तोंडापासून पाठीवरच्या परापर्यंत जवळजवळ सरळ रेघ. आणि तो पाठीवरचा पर खूप मागे असतो, शेपटीला अगदी टेकायच्या बेतात, छोटासा. त्याच्या खाली पोटाकडचा जो मागचा पर आहे तो मात्र लांबलचक, पोट संपतं तिथून सुरू होऊन शेपटीच्या मुळापर्यंत गेलेला. गप्पीत पाठीवरचा पर बराच पुढे, पाठीच्या मध्याजवळ असतो आणि खालचा पर आखूड. मी तर आधी हा खालचाच पर बघतो. ठिपका कधी उन्हाच्या तिरपीत दिसत नाही, पाणी गढूळ असतं, पण लांब खालचा पर लपत नाही.

एक करा. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा चपटा डबा घ्या, त्यात व्हाळाचंच पाणी भरा, मच्छरदाणीच्या तुकड्याने दोन-तीन मासे हळूच उचलून त्यात सोडा, झाकण ठेवा नाहीतर उडी मारून बाहेर जातील, हा मासा उडी मारण्यात पटाईत आहे. डब्यामागे पांढरा कागद, ऊन बाजूने, आणि फोटो अगदी बाजूने काढा. वरून एक, बाजूने दोन. पाच मिनिटांत परत पाण्यात. हातात धरून फोटो काढू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी लागते.

काजूबोंडू

पाणकावळा दादा खूप आभार, डबा युक्ती एकदम भारी चालली. आज सकाळी गेलो होतो भाच्याला घेऊन. फोटो टाकलेत.

डब्यात जे आले त्यांत दोन प्रकार दिसले. काहींच्या अंगावर मागच्या अर्ध्या भागात उभे काळपट पट्टे आहेत आणि पाठीवरच्या पराच्या बुडाशी एक काळा डाग. दुसरे जरा मोठे, पट्टे अगदी पुसट, पण अंगावर सोनेरी-हिरवे बारीक ठिपके ओळीने, उन्हात धरलं की काय चमकतात, आणि शेपटीला व खालच्या पराला तांबडी कड. या मोठ्यांना पोटाखाली दोन लांब दोऱ्यासारखे पर पण लोंबतायत. टिकली दोन्हीकडे आहे. हे दोन वेगळे मासे की नर-मादी?

आणि एक गडबड आहे. बंधाऱ्याच्या वर मोरीजवळ एक फाटा येतो, तिथे घरांचं सांडपाणी पण उतरतं. तिथे तसेच दिसणारे बारके मासे आहेत पण त्यांना टिकली नाही. राखाडी, थोडे आरपार, आणि काहींच्या पोटाशी मागे एक काळा डाग. शेवटचे तीन फोटो त्यांचे. हे पिल्लं आहेत का टिकलीवाल्यांची?

टाकीवाला_पुणे

शेवटचे तीन बघा, गप्पी नाहीतर गॅम्बुशिया, मी काय म्हणत होतो.

आणि तो सोनेरी ठिपकेवाला मी दुकानात बघितलाय की! गोल्डन वंडर म्हणून विकतात, पण तो पूर्ण पिवळा असतो.

पाणकावळा

सोनेरी ठिपके आणि तांबडी कड म्हणजे नर, पट्टे आणि पराच्या बुडाशी काळा डाग म्हणजे मादी. पिल्लांनाही पट्टे असतात. लांब दोरीसारखे पर नराचे. तर हा लिनिएटस, आता शंका नाही. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो पण तेवढा मोठा क्वचित दिसतो. गोल्डन वंडर म्हणजे यालाच टाक्यांमधे निवडून निवडून पिवळा केलाय, जात तीच.

शेवटच्या तीन फोटोंत मात्र टाकीवाल्यांना मार्क द्यायला लागतील, ती पॅनचॅक्सची पिल्लं नाहीत. पॅनचॅक्सच्या पिल्लांनाही ठिपका असतो, अगदी बारकी असली तरी तो टिकलीएवढा चमकतोच. पोटामागचा काळा डाग ही पिल्लं घालणाऱ्या माशांची खूण आहे, गाभण मादीत तो जास्त गडद होतो. अंग राखाडी, शेपूट गोल, शेपटीवर रंग नाही, पाठीवरचा पर खालच्या पराच्या जरा मागून सुरू होतोय, त्यावरून मी गॅम्बुशिया म्हणेन. पण एक नर शोधा. नर बारीक असतो, मादीच्या जवळपास अर्धा, आणि त्याचा खालचा पर पसरट नसून एक बारीक दांडी झालेली असते, मागे वळलेली. गप्पीच्या नराला पण दांडी असते पण त्याच्या अंगावर काहीतरी रंगाचे ठिपके राहतातच.

म्हणजे तुमच्या व्हाळात दोन्ही आहेत. खाली आपला, वर फाट्यात परदेशी. ग्रामसभेत भांडण व्हायचं ते यामुळेच, दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.

मांडवीकाठ

गोंयांतल्यान नमस्कार, मराठीत लिहितो. आमच्याकडे याचा धाकटा भाऊ पण मिळतो, अॅप्लोकायलस ब्लॉकी. हिरवट, पाच-सहा सेंटिमीटरच्या वर जात नाही, नराच्या अंगावर पिवळे-तांबडे ठिपके आणि ते उभे पट्टे नाहीत. भातशेतीच्या पाटांत, खाजनाच्या कडेला गोडं पाणी असतं तिथे. तुमच्या फोटोत पट्टे स्पष्ट आहेत म्हणून लिनिएटसच, पण सिंधुदुर्ग म्हणजे आमचं शेजार, कधी छोटे छोटेच सगळे दिसले आणि एकालाही पट्टा नसेल तर हा पर्याय डोक्यात ठेवा.

सांगायचं होतं वेगळंच. १९९० च्या दशकात गोव्यात मलेरिया खूप वाढला होता, बांधकामांच्या टाक्यांत, विहिरींत शहरी मलेरियाचा अॅनोफिलिस स्टीफेन्सी डास. तेव्हा मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी इथे हाच ब्लॉकी वापरला, जोडीला डासांच्या अळ्या मारणारे बीटीआय नावाचे जीवाणू, त्याचे निकाल १९९८ साली छापून पण आलेत. म्हणजे डासांसाठी मासे हवेच असतील तर स्थानिक पॅनचॅक्स चालतो हे कोणाच्या मनातलं नाही, करून बघितलेलं आहे. तुमच्या ग्रामसभेत हे सांगा. गप्पीला विरोध करतो म्हटलं की लोक म्हणतात याला डास हवेत.

फवारणी_विभाग

मी आरोग्य खात्यात आहे, गेली बरीच वर्षं हेच काम करतो, त्यामुळे थोडं आमच्या बाजूने पण ऐका. गप्पीच्या नावाने इंटरनेटवर बोंब मारणं फॅशन झालीये. पावसाळा संपला की डेंग्यूचे पेशंट यायला लागतात, वरून विचारणा होते गप्पी किती ठिकाणी सोडले, आकडा द्यायला लागतो. गप्पी स्वस्त, घाण पाण्यात जगतो, गटारात पण तग धरतो, आपोआप वाढतो. तुमचा पॅनचॅक्स गटारात टाकून दाखवा. आणि पॅनचॅक्स पैदास केंद्रात वाढवायचा तर अंडी, झाडं, पिल्लांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, कोण करणार हे सगळं एका आरोग्यसेवकाने? गॅम्बुशिया पण आमच्या माहितीपत्रकात आहे, मोठा मासा दिवसाला १०० ते ३०० अळ्या खातो.

पण हे पण खरंय की गप्पी बंद जागेत सोडायचे असतात. बांधकामाची टाकी, वापरात नसलेली विहीर, कारंजं, सिमेंटचं टाकं, जिथून पाणी बाहेर जात नाही. वाहत्या व्हाळात आम्ही पण सोडा म्हणत नाही, कोणी सोडत असेल तर ते चुकीचं करतोय. बहुतेक गावात कोणीतरी उत्साहात ठराव मांडलाय.

पाणकावळा

फवारणी विभाग, गटार आणि बंद टाकी यावर तुमच्याशी भांडण नाहीच. गटारात पॅनचॅक्स टिकणार नाही हे शंभर टक्के मान्य. आकड्याचा त्रास पण कळतो.

माझं म्हणणं व्हाळापुरतं आहे. डेंग्यूचा एडिस डास व्हाळात अंडी घालतच नाही हो. तो घराजवळ, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, पिंप, टायर, कुंडीखालची थाळी, करवंट्या, फ्रीजमागचा ट्रे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणून तर कोरडा दिवस पाळताना भांडं नुसतं ओतून चालत नाही, घासायला लागतं. तर बंधाऱ्यात हजार गप्पी सोडा नाहीतर दहा हजार, गावातला डेंग्यू तसाच राहणार, उलट लोकांना वाटणार आपण काहीतरी केलं आणि पिंप तसंच उघडं.

बंधाऱ्यातल्या साचलेल्या पाण्यात जे डास होतील, अॅनोफिलिस आणि क्युलेक्स, ते खायला तिथे आधीच पॅनचॅक्स, दांडवण, खवलीची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या हजर आहेत. काजूबोंडू, एक बघा, बंधाऱ्याच्या कडेला गवतात पांढरी थाळी किंवा डाव बुडवून पाणी काढा, चार-पाच ठिकाणी, आणि अळ्या मोजा. आरोग्यवाले पण असंच मोजतात. मासे असतील तिथे फार सापडणार नाहीत. सापडल्या तर त्या बहुधा पालापाचोळ्याचा गच्च थर असेल तिथे, कारण मासा आत घुसू शकत नाही. मग गप्पी पण घुसणार नाही, तिथला पालाच उपसायला हवा.

आता गॅम्बुशिया का नको ते थोडक्यात. मूळचा उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागातला, भारतात १९२८ साली इटलीमार्गे आणला मलेरियासाठी. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं घालतो, एका वेळी कित्येक, आणि साधारण महिन्याभरात परत तयार. मादी नराचं बीज साठवून ठेवते म्हणून एकटी मादी जरी पुरात वाहून गेली तरी नवी वसाहत उभी राहते. अळ्या संपल्या की बेडकांची पिल्लं, दुसऱ्या माशांची अंडी, स्वतःच्या आकाराच्या माशांचे पर कुरतडणं सुरू. पॅनचॅक्सची अंडी पाण्यातल्या गवताला बारीक धाग्याने चिकटलेली असतात, एकेक करून घालतो, फुटायला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणजे गॅम्बुशियासमोर आयतं ताट.

सिडनीकर_वहिनी

मी वीस वर्षं सिडनीत, माहेर सावंतवाडी. इथे गॅम्बुशिया १९२५ मधे आणला तेव्हा याच सिडनीच्या बोटॅनिक गार्डनमधून सुरुवात झाली, डास मारायला म्हणूनच, आणि आता न्यू साऊथ वेल्समधे तो उपद्रवी मासा म्हणून जाहीर आहे, पाळणं सोडणं विकणं सगळं बंद. क्वीन्सलँडमधे रेड फिन्ड ब्लू आय नावाचा इवलासा मासा आहे, काही मोजक्या झऱ्यांतच उरलाय, आणि त्याच्या मुळावर येणाऱ्यांत गॅम्बुशिया पहिला. झऱ्यांभोवती अडथळे घालून, मासे दुसऱ्या झऱ्यात हलवून वाचवायचा प्रयत्न चाललाय. एकदा पसरला की काढता येत नाही हो. तुमचा एका फाट्यात आहे तोवर काहीतरी करा.

बाय द वे तो टिकलीवाला वाचून मला एकदम आमच्या परसातला पाट आठवला. आम्ही पोरं तासन् तास ओंजळी भरायचो, हातात एक सापडेल तर शपथ.

खाडीपलीकडचा

एक वेगळा मुद्दा, पाणकावळा साहेबांनी बघावं. आरपार दिसणारा बारका मासा आणि नराला दांडी एवढ्यावरून गॅम्बुशिया ठरवू नका. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर होराइक्थिस सेटनाय नावाचा मासा आहे आणि त्याच्या नरालाही खालच्या पराची दांडी असते. मुंबई प्रांतातल्या मत्स्यखात्याचे सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्यासाठी नवं कुळच करायला लागलं होतं, इतका तो वेगळा. नाव दिलं मासेतज्ज्ञ सुंदरलाल होरा आणि मत्स्यखात्याचे डॉ. सेटना यांच्यावरून. कोकणातल्या लोकांना आपल्या खाडीत असलं काही आहे हे माहीतच नसतं, मला पण खूप उशिरा कळलं. चुकून गॅम्बुशिया समजून त्यालाच उपसून टाकलं तर काय घ्या.

पाणकावळा

एकदम रास्त मुद्दा, आणि कुलकर्णींचं नाव काढलंत म्हणून बरं वाटलं. हेच कुलकर्णी पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीरच्या पैदाशीच्या कामातही होते.

फरक असा. सेटनाय फार लहान, दोन-तीन सेंटिमीटर, शिडशिडीत, आणि खरोखर आरपार, कणा आणि पोटाची पिशवी मोजता येईल इतका. राहतो खाडीच्या मचूळ पाण्यात आणि तिथून जवळच्या गोड्या पाण्यात, भरतीचा अंमल जिथपर्यंत असतो त्या पट्ट्यात. नर दांडीने बीजाची बारीकशी कुपी मादीच्या अंगाला चिकटवतो आणि मादी अंडी घालते, पिल्लं नाही. मादीच्या उजव्या बाजूचा पोटाखालचा पर नसतोच, म्हणजे मासा डाव्या-उजव्या बाजूने सारखा नाही. तर गाभण मादीत पोटामागे तो काळा डाग दिसणार नाही, आणि अंगाने ती कधी फुगीर होणार नाही. काजूबोंडूंच्या फोटोत माद्या चांगल्या पोटाळ आहेत, डाग ठळक आहे, अंग राखाडी आहे, कणा दिसेल इतकं आरपार नाही, आणि जागा बंधाऱ्याच्याही वर, मोरीत सांडपाण्याजवळ. गॅम्बुशियाच. पण तुमची सूचना बरोबर, खाली खाडीकडे कोणी जाळी घेऊन जायच्या आधी हे वाचावं.

टाकीवाला_पुणे

बरं मला एक सांगा, हा टिकलीवाला टाकीत ठेवता येईल का? दोन-चार आणले तर? दिसायला कडक आहे.

मांडवीकाठ

ठेवता येतो, पण तुमचे गप्पी संपतील. तोंडात मावेल ते सगळं खातो. झाकण घट्ट हवं, पंप आणि वायरच्या फटीतून पण उडतो, वर तरंगणारी झाडं हवीत, पाण्याचा झोत मंद. धोक्यात नाही हा मासा, आययूसीएनच्या जागतिक यादीत 'फारशी चिंता नाही' अशा गटात आहे, तरी व्हाळातून उपसून न्यायची काय गरज, विकत मिळतो. आणि कंटाळा आला म्हणून दुकानातला पिवळा नेऊन व्हाळात सोडू नका एवढी विनंती. जात तीच म्हणून चालेल असं लोकांना वाटतं, पण टाकीतले रोग घेऊन जातो आणि निवडून केलेलं रक्त जंगली माशांत मिसळतं.

काजूबोंडू

सगळ्यांचे आभार, एवढं उत्तर मिळेल वाटलं नव्हतं. नर सापडला. इवलासा, दांडी स्पष्ट, अंगावर रंग शून्य, फोटो टाकलाय. म्हणजे मोरीत गॅम्बुशिया पक्का.

पांढऱ्या थाळीचं पण केलं. बंधाऱ्यात उघड्या कडेला अळ्या जवळजवळ नाहीत, पाल्याच्या थरात मात्र वळवळत होत्या. आणि शाळेमागे जुनं सिमेंटचं टाकं आहे, त्यात तर अळ्यांची खिचडी, तिकडे कोणाचं लक्षच नाही. सरपंच ताईंना दोन्ही थाळ्या नेऊन दाखवल्या. त्या म्हणाल्या ग्रामसभेत तूच बोल, टाकं उपसायचं आणि बंधाऱ्यातला पाला काढायचा, गप्पीचा विषय व्हाळापुरता काढून टाकू. उपकेंद्रातल्या ताई आधी जरा फुगल्या होत्या पण टाकं बघून त्यांनाच पटलं, म्हणाल्या टाकं उपसून होत नसेल तर तिथे सोडते गप्पी. ते चालेल का, टाक्याचं पाणी भरलं की ओघळ व्हाळाकडेच जातो.

आणि फाट्यातल्या गॅम्बुशियाचं काय करू? विष वगैरे घालायचं नाहीये, खाली लोक कपडे धुतात, गुरं पितात.

पाणकावळा

ओघळ व्हाळाकडे जात असेल तर टाक्यात गप्पी नको, जूनमधे पहिल्या मोठ्या पावसात सगळे खाली. उपसा किंवा वर जाळी बसवा. आणि फार वाटलं तर बंधाऱ्यातलेच दहा-बारा पॅनचॅक्स तिथे सोडा, वाहून गेले तरी आपल्याच घरी.

फाट्याचं म्हणाल तर आत्ताच वेळ चांगली आहे कारण पाणी कमी आहे. विष अजिबात नको, बरोबर बोललात. फाटा व्हाळाला मिळतो तिथे मातीच्या दोन-तीन गोण्या टाकून तात्पुरता आडवा बांध घाला, फटी पाल्याने आणि मच्छरदाणीने बुजवा, म्हणजे ते खाली यायचे थांबतील. मग मच्छरदाणीचं जाळं दोघांनी ओढत न्यायचं, गवताच्या कडेने, रोज थोडं थोडं. गाभण माद्या आधी, त्या ओळखायला सोप्या आहेत. टिकली असलेला एक जरी आला तरी बाजूला करून खाली सोडा. पकडलेले दुसऱ्या विहिरीत नेऊ नका, कोणी मागितले तरी देऊ नका, कोंबड्यांना घाला. सगळे निघणार नाहीत, सांडपाण्याचा ओघ जोवर चालू आहे तोवर दोन-चार उरतील आणि परत वाढतील. त्यामुळे मेच्या शेवटी फाटा आटतो का ते बघून ठेवा. पूर्ण आटत असेल तर तुमचं काम निम्मं झालं, उरलेल्या डबक्यांत सगळे गोळा होतील तेव्हा एकदाच उपसून काढता येतील, वळीव पडायच्या आत.

फवारणी_विभाग

मे महिन्यात डबकी उपसायला माणसं कमी पडली तर उपकेंद्राला आधी कळवा, पावसाळ्यापूर्वीच्या सर्वेक्षणासाठी आमची माणसं त्या सुमारास गावात येतातच. आणि त्या टाक्याचा फोटो मला मेसेजमधे टाका.